उलटा वेढा

रामाकोन्याच्या यमुनाबाईंनी तीस वर्षं सौसरच्या एका नर्सरीत संत्र्याचे डोळे भरले. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाची साल चिरायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. मग एकवीस दिवस हात लावायचा नाही. नव्या मुली घाई करू लागल्या की त्या म्हणत, "पोळी आहे का व, उलटून पाहाले?"

त्याच यमुनाबाईंनी यंदा नवव्या दिवशी पट्टी सोडली.

कारण हा डोळा शेवटचा होता. त्यांचे यजमान मोतीराम दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी लावलेलं अंगणातलं संत्र्याचं झाड डिंक्या रोग लागून वाळलं. एका काडीवर एकच जिवंत डोळा उरला होता. तो यमुनाबाईंनी अंगणातल्याच खुंटावर भरला. हा गेला की ते झाड कायमचं गेलं.

डोळा जगल्यासारखा हिरवा नव्हता, मेल्यासारखा तपकिरीही नव्हता. तेवढ्यात कोणी हाक मारली आणि पट्टी तशीच लोंबत राहिली.

सकाळी ती बांधलेली होती. वेढे उलटे, शेवट दोनदा खोचलेला. मोतीराम डावखुरे होते. तेही त्याच नर्सरीत कामाला होते; त्यांचं कलम लांबून ओळखू येई.

"रूपाली, पट्टी तू बांधली का व?" त्यांनी मुलीला विचारलं.

"मले बांधता आली असती तर तू मले रोज ऐकवलं असतं का?" रूपाली हसली. मग आईचा चेहरा पाहून थबकली. "माय, आपण भूतखेत मानत नाही. तूच तं शिकवलं."

खरंच होतं. विहारातल्या बायकांनाही त्या हेच सांगत आल्या होत्या.

तेराव्या दिवशी त्यांनी फाटकाला कुलूप घातलं, खुंटाभोवती चुलीतली राख पसरली आणि मुद्दाम पट्टी सोडली. सकाळी राख जशीच्या तशी. चिमणीचं पाऊलसुद्धा नाही. पट्टी मात्र बांधलेली, आणि फार घट्ट. मोतीराम रागावले की अशीच बांधत.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "नाही सोडत आता."

पुढचे आठ दिवस त्या खुंटाकडे पाठ करून तांदूळ निवडत बसत. मागे प्लॅस्टिक बारीक चरचरे, जणू कोणी बोटांनी चाचपून पाहतंय. त्या वळल्या नाहीत.

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडायला त्यांनी रूपालीला बसवलं. ती नेहमीसारखी फिरवू लागली, तसतशी पट्टी आवळत गेली.

"उलटी फिरव," यमुनाबाई म्हणाल्या.

आत डोळा हिरवागार होता, टपोरा.

रूपाली हसली नाही. "माय, ही बांधली कोणं?"

यमुनाबाईंनी डोळा फुटावा म्हणून चाकूने जंबेरीचा शेंडा उतरवला.

"फळ कधी येईन?"

"पाच वर्षं तं लागतेच."

मग डावीकडच्या रिकाम्या जागेकडे थोडी मान वळवून त्या म्हणाल्या, "थांबजा तवापर्यंत. मीबी आहोच."