दाते पडलेली लाल गाडी

माझी मावशी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देते. तिची छोटी लाल इटालियन गाडी सत्त्याण्णव सालची आहे, आणि तिच्याविषयी कुणी वाकडा शब्द काढलेला मावशीला खपत नाही. मागच्या वर्षी स्टिअरिंगकडच्या खिडकीची काच धाडकन दाराच्या आत पडली ती वर येईना. मेकॅनिकने दार खोललं आणि काच वर-खाली करणारं प्लास्टिकचं चाक मावशीच्या हातावर ठेवलं. त्याचे चार दाते तुटले होते.

"ताई, हा पार्ट आता कुठे मिळायचा नाही. गाडी भंगारात द्या."

"अहो, दात पडले म्हणून माणसाला कुणी भंगारात काढतं का?"

मावशीने चाक घरी नेलं, तुटलेले दाते मेणाने भरून साचा घेतला आणि कवळीच्याच गुलाबी मसाल्यात नवं चाक ओतलं. पहिलं बसवताच तडकलं. दुसरं तिने दोन दिवस कानशीने घासलं. मेकॅनिकने ते बसवून बटण दाबलं, तशी काच कुरकुरत वर गेली आणि मावशीने चक्क टाळ्या वाजवल्या.

मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "ताई, गॅरेजच्या मागे अशाच आणखी तीन गाड्या पडून आहेत. बघता का जरा?"

मावशीने तिथेच बाह्या सरसावल्या.