शेजारच्या ट्रम्पेटचा तुटका सूर

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या सतीशरावांचा सख्ख्या भावावर विश्वास नव्हता, मग शेजाऱ्यावर कुठून असणार? हॉस्पिटलच्या फार्मसीतून रिटायर झाल्यापासून खिडकीत बसून लोकांवर नजर ठेवणं हाच त्यांचा उद्योग. स्वतःच्या दाराला दोन कुलपं, वर साखळी. आणि २००६ साली शेजारी आला यानुश, एकटा पोलिश म्हातारा, जो मागचं दार कधी लावतच नसे. असला माणूस सरळ कसा असेल?

त्यात तो रोज संध्याकाळी ट्रम्पेट वाजवी आणि ऐन सुरात थांबे. रोज त्याच जागी. ही कुणाला तरी खूण आहे, याची सतीशरावांना खात्रीच पटली.

त्यांच्या बायकोने, वीणाताईंनी, सरळ जाऊन यानुशला विचारलं आणि परत येऊन नवऱ्याला सांगितलं.

"अहो, पोलंडमधल्या क्राकोव्हची ट्यून आहे ती. मिडल एजेसमध्ये तातार टोळ्या चालून आल्या, तेव्हा टॉवरवरच्या पहारेकऱ्याने ही वाजवून गाव जागं केलं. वेशी बंद झाल्या, पोलिश तिरंदाज तटावरून लढले, गाव वाचलं. पण वाजवतानाच त्याच्या घशात बाण घुसला. म्हणून अजून तिथेच थांबतात. दंतकथा आहे, पण किती टचिंग ना?"

"नेमका घशातच? कुणी बघितलं? आणि आपण इंडियाला जाऊ तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे अजिबात ठेवायची नाही."

वीणाताईंनी कपाळाला हात लावला.

नोव्हेंबरात वीणाताई मुलीकडे मँचेस्टरला गेल्या होत्या. त्या संध्याकाळी सूर लवकर तुटला. नेहमीच्या जागेच्या बराच आधी. आपल्याला घराबाहेर काढायचा डाव! सतीशरावांनी दोन्ही कुलपं लावली, ओढून पाहिली आणि मगच शेजारच्या मागच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. यानुश किचनमध्ये जमिनीवर पडलेला, तोंड वाकडं झालेलं.

"वेळेत पोचलात," अँब्युलन्सवाली म्हणाली. "दार उघडं होतं म्हणून बरं."

परतल्यावर स्वतःचं एक कुलूप काढलं, दुसरं काढताना हात थांबला. आपण आत पडलो असतो तर? साखळी लावून? इतकी भीती सतीशरावांना कुठल्याच चोराची वाटली नव्हती.

यानुश घरी आला, पण ट्रम्पेट काही आता त्याला जमणार नव्हतं. सतीशरावांनी किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. "दोन्ही कुलपांच्या आहेत."

"आणि साखळी?" यानुशने अडखळत विचारलं. म्हणजे तिचा आवाज त्यालाही रोज ऐकू येत होता.

"काढून टाकली," सतीशराव म्हणाले, आणि यानुशचं मागचं दार उघडं आहे ना, ते एकदा वळून पाहिलं.