पारूचा हँडब्रेक

धसईच्या वर डोंगराला टेकून एक वाडी आहे. तिथल्या देवजीने सत्त्याण्णव साली गाडी घेतली. जुनीच, पण घरची आठ माणसं ऐसपैस बसतील आणि बाजाराच्या दिवशी चौदा कोंबता येतील अशी दणकट जीप. त्यानंतर देवजीचा रुबाब काय विचारता! डोक्यावरची टोपी गेली, डोळ्यांवर गॉगल आला, आणि परसाकडे जायचं सोडून बाकी सगळीकडे तो गाडीनेच जाऊ लागला.

गाडीत एक खोट होती आणि ती सगळ्या वाडीला ठाऊक होती. हँडब्रेक लागत नव्हता. दांडा ओढला की करकर वाजत वर यायचा, वरच राहायचा, आणि गाडीला त्याचा पत्ताही नसायचा. गिअर टाकून ठेवावी, तर उतारावर गिअरही आपसूक सुटायचा. मग तालुक्यातल्या निम्म्या जीपवाल्यांचा जो इलाज, तोच देवजीचा: मागच्या चाकाखाली दगड. त्याच्या घरासमोर चांगला उतार, उताराखाली भाताची खाचरं. गाडी तोंड वर करून उभी करायची, ब्रेकवर पाय दाबून ओरडायचं, "दगड लावा रे!" की घरातलं कुणीतरी धावायचं. बहुतेक वेळा पारूच.

पारू म्हणजे देवजीची बायको. माहेर शहापूरजवळच्या सापगावचं. चौथी शिकलेली, बोलायला गोड, पण एकदा मनात घेतलं की संपलं. लग्न होऊन आली त्या वर्षी झऱ्याची वाट इतकी निसरडी होती की बायका हंड्यासकट घसरायच्या. पायऱ्या करू, पायऱ्या करू असं पुरुष तीन पावसाळे म्हणत होते. पारूने एक दिवस टिकाव उचलला आणि एकटीने चार पायऱ्या खोदल्या. पुढच्या वीस पायऱ्या पुरुषांनी लाजेने खोदल्या. अशी ही बाई.

पण एका दसऱ्याला जे झालं ते तिच्याच हातून झालं, आणि ते तिने कधी लपवलं नाही.

सकाळी गाडी धुतली. देवजीने झेंडूच्या माळा बांधल्या. सहा वर्षांची माधुरी, त्यांची एकुलती मुलगी, स्टिअरिंगला माळ लावायला म्हणून आत चढली आणि तिथेच खेळत बसली. पूजेला गाडीच्या चारी चाकांखाली लिंबू ठेवायचं असतं. तीन चाकांखाली पारूने ठेवलं. चौथ्या चाकाला मध्ये दगड. देवाच्या लिंबाच्या जागी दगड कसा ठेवायचा? देवजी नारळ आणायला घरात गेलेला. गाडी गिअरमध्ये आहे, तेवढा वेळ धरेल असं समजून तिने पायाने दगड बाजूला सारला आणि वाकून लिंबू ठेवलं.

लिंबू तिच्या डोळ्यांदेखत चिरडलं. गाडी मागे निघाली. पारूने पुढचा बंपर दोन्ही हातांनी धरला, फरफटत गेली, हात सुटला. गाडी बांध ओलांडून पिकल्या भातात शिरली आणि चिखलात रुतून थांबली. माधुरीची हनुवटी फुटली होती. धसईच्या डॉक्टरने चार टाके घातले.

"देवाचं लिंबू व्हतं म्हनून पोर वाचली," सासू रखमी हात जोडून म्हणाली.

"लिंबू पयलंच चिरडलं, आत्या," पारू म्हणाली. "पोर चिखलानं वाचली. आनि मी दगड काढला म्हनून गेली."

त्या रात्री ती खूप रडली. सकाळी उठली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण रडणं संपलेलं होतं. चूल पेटवता पेटवता तिने नवऱ्याला सांगितलं, "हँडब्रेक झाल्याबिगर माझी पोर गाडीत बसनार नाय. मीबी नाय."

देवजी हसला. त्याने नाल्यातून पहिल्याच्या दुप्पट दगड आणला आणि मोठ्या कौतुकाने तिला दाखवला. पारूने त्या दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी वाडी मजा बघू लागली. देवजीची जीप भरून धसईकडे निघायची आणि त्याची स्वतःची बायको डोक्यावर काकडीची पाटी घेऊन कडेने चालत असायची. देवजी हॉर्न वाजवायचा. ती वळून बघायची नाही. आतल्या बायका ओरडायच्या, "बस गो पारू, कशाला नवऱ्याची लाज काढते?" पारू त्यांनाच सांगायची, "तुमी बसा. पन उतारावर गाडी थांबली का पयली पोरं उतरवा." हे मात्र देवजीला झोंबलं. गिऱ्हाईकं खरंच पोरं आधी उतरवू लागली.

शेवटी तो गाडी घेऊन मुरबाडला एका मेकॅनिककडे गेला. मेकॅनिक म्हणाला, हँडब्रेकला कोण विचारतो, दगड लाव की! तरी त्याने खाली शिरून एक नट आवळला. मेकॅनिकच्या सपाट आवारात गाडी हलली नाही. देवजी खूश होऊन घरी आला. "झाला तुझा हँडब्रेक!"

भाऊबीजेला सापगावला जायचं होतं. माधुरी नवा फ्रॉक घालून तयार. देवजीने गाडी उतारावर आणून उभी केली, दांडा ओढला, सवयीने ओरडला, "दगड लावा रे!"

"दगड कशाला? झालाय ना?" असं म्हणून पारू मागे गेली, नव्या साडीची पर्वा न करता मातीत बसली आणि पाठ मागच्या चाकाला टेकवली. "मी बसल्ये. गिअर काढा नि पाय काढा."

"याड लागलं काय तुला? ऊठ!"

"पाय काढा अवो. झालाय म्हनला ना तुमी?"

देवजीचा पाय ब्रेकवर होता. आरशात त्याला तिचा फक्त पदर दिसत होता. तो पाय त्याने एवढासा सैल केला, गाडीने अंग हलवलं, आणि त्याने जीव खाऊन परत दाबला. रखमी दारातून ओरडत होती, माधुरी रडायला लागली होती. पारू जागची हलली नाही.

"ऊठ गो बाय," देवजीचा आवाज फाटला. "नाय झालेला तो. मला ठाव हाय, नाय झालेला."

पारू उठली. साडीची माती झटकली आणि एवढंच म्हणाली, "मंग पोरीला कसं बसवत व्हता?"

मायलेकी एसटीने सापगावला गेल्या. देवजी एकटाच रिकामी गाडी घेऊन शहापूरला लडकू मिस्त्रीकडे गेला. लडकू म्हातारा आणि तिरसट, पण काम चोख. त्याने मागची चाकं उघडली. हँडब्रेकची केबल गंजून जाम, ब्रेकचे लायनर झिजून पत्र्यासारखे. "ह्या गाडीनं आजवर कुनाला मारलं कसं नाय, तेच नवल," तो म्हणाला. कल्याणहून नवी केबल आली. तिसऱ्या दिवशी निरोप गेला, तशी पारू माधुरीला घेऊन आली.

वर्कशॉपच्या मागे चढ होता. लडकूने गाडी तिथे नेऊन उभी केली. कुणी काही बोलायच्या आत देवजी मागे गेला आणि चाकाला पाठ लावून बसला. "तू बस सीटवर," तो बायकोला म्हणाला. "मिस्त्री, तिला ब्रेक दाखवा."

पारू आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसली. लडकूने दाखवलं तिथे पाय दाबला. लडकूने दांडा ओढला, गिअर काढला आणि बाजूला झाला.

"काढ पाय," मागून देवजी म्हणाला.

पारूचा पाय निघेना. काम चोख झालंय हे दिसत होतं, लडकूवर विश्वास होता, तरी निघेना. भाऊबीजेला याच माणसाला ती 'पाय काढा' म्हणून ओरडत होती, आणि तो आरशात तिचा पदर बघत बसला होता. तिला भडभडून आलं.

"उठा तुमी तिथून," ती म्हणाली. "मी मानलं. झालाय."

"तू उठली व्हतीस का मी सांगितल्यावर? काढ."

तिने डोळे घट्ट मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि पाय उचलला. गाडी होती तिथेच राहिली. ती उघड्या दारातून वाकून मागे बघू लागली. देवजी मातीत बसून लडकूकडे बिडी मागत होता.

पारू खाली उतरली. वर्कशॉपच्या भिंतीला चिकटून उभी असलेली माधुरी आईच्या तोंडाकडे बघत होती. बसू का, असं विचारायचीही तिची छाती होत नव्हती. पारूने तिला कडेवर घेतलं, हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेवरून एकदा अंगठा फिरवला आणि स्वतःच्या हाताने तिला पुढच्या सीटवर बसवलं.