बेरीज सांगणारा झुलाल

पारोळ्याच्या झुलालला मेमो मिळाला, तो खोटे आकडे पसरवल्याबद्दल. खोटे! ज्या माणसाने उभ्या जन्मात एसटीचं तिकीट चुकवलं नाही, त्याला!

झुलाल पूरखात्यातला बिनतारी ऑपरेटर. जळगावचा सेट धुळ्याला ऐकू जात नसे, म्हणून मधे पारोळा. पावसाळ्यात दर तासाला जळगावचा रुपचंद गिरणेची पातळी सांगे, धुळ्याचा निंबा पांझरेची. दोन्ही नद्यांचं पाणी शेवटी तापीलाच, त्यामुळे दोन्ही आकडे दोन्हीकडे लागत. झुलालने एक धुळ्याला सांगायचा, मग दुसरा जळगावला.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात पाऊस कोसळला आणि वीज गेली. सेट बॅटरीवर आला. ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला फार. अशी दोनदोनदा बडबड केली तर ती दोन दिवसही पुरली नसती.

झुलालचा बाप बाजार समितीत मापाडी होता. भरली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची. वजा केलं की कापूस उरतो. हे पोराच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने सेटवरून सांगितलं, "निंबाभाऊ, आते मी दोन्हीसनी बेरीज एकदाच सांगस. तुना आकडा तू वजा कर, उरस तो जळगावना शे." रुपचंदलाही तेच.

जळगाव चारशे बारा, धुळे तीनशे पाच. झुलाल एकदाच बोलला, "सातशे सतरा." दोघांनी ऐकलं, दोघांनी आपापला आकडा वजा केला, आणि दोघांना हवं ते मिळालं. बोलणं निम्म्यावर आलं. बॅटरी तीन दिवस तगली आणि नदीकाठची गावं वेळेवर हलली.

या कामाबद्दल शाबासकीचं पत्र आलं. कुणाला? धुळ्याच्या साहेबांना. वर साहेबांनी पारोळ्याची नोंदवही उघडली आणि झुलालला धुळ्याला बोलावून घेतलं.

"गिरणा सातशे सतरा कधी झाली होती रे?"

"बेरीज आहे, साहेब."

"ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं, हा नियम. अक्कल चालवायला कुणी सांगितलं?"

निंबा साक्ष द्यायला उठला, तर त्याला बाहेर बसवलं. अरे, हिशोब तिसरीच्या पोराला कळावा असा! पण ज्याला समजून घ्यायचंच नाही त्याच्यापुढे काय डोकं फोडणार?

शेवटी साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "चूक झाली म्हणून लिही. सेट तुझ्याकडेच राहील."

तो सेट म्हणजे झुलालचा जीव की प्राण. त्याने पेन उचललं, आणि लिहिलं: 'माझे आकडे खोटे असतील, तर त्याच आकड्यांवर साहेबांना मिळालेलं शाबासकीचं पत्रही परत करावं.'

सोमवारी त्याला धुळ्यात पाकिटं चिकटवायला बसवलं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीज गेली, तेव्हा पारोळ्याच्या नव्या माणसाने प्रत्येक आकडा नियमाने जसाच्या तसा, वेगवेगळा सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी संपली. संध्याकाळी तापीकाठच्या एका वस्तीत पाणी शिरलं, तिथे कुणी कळवलंच नव्हतं. साहेबांच्या अहवालात दोष पावसाला दिला होता. तो अहवाल पाकिटात घालून झुलालनेच चिकटवला.