ड्रॉवरच्या पाठीमागचं नाव

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलं ते सांगायला हा कागद मंडळाच्या फळ्यावर लावते आहे. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसलेल्यांनी जरूर वाचा.

ह्यांनी मुलुंडच्या साटमांकडे कपाट केलं होतं. मजुरी मिळायच्या आधीच हे गेले. कोर्टाचा निकाल माझ्या बाजूने लागला, तरी साटम पैसे देईनात. मग वाचनालयातलं कायद्याचं पुस्तक वाचून वसुलीचा अर्ज मीच लिहिला. आज बेलीफला घेऊन त्यांच्या घरी गेले.

"काय जप्त करायचं ते तुम्ही दाखवा, बाई," बेलीफ म्हणाला.

मी कपाट दाखवलं.

"ते माझ्या मेहुण्याचं!" साटम म्हणाले. "इथलं सगळंच त्याचं. माझी फक्त ही लुंगी. नेताय?"

बेलीफसुद्धा हसला.

"अंगावरचे कपडे कायद्याने नेता येत नाहीत," मी म्हटलं. "खालचा ड्रॉवर बाहेर काढा आणि पाठीमागे बघा."

काम ज्याचं असेल त्याचं नाव हे तिथे पेन्सिलीने लिहायचे. बेलीफने मोठ्याने वाचलं, "साटम, मुलुंड."

आतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका ना! आणखी किती शोभा?"

दहा मिनिटांत पैसे आले, बेलीफने पावती केली.

ड्रॉवर मीच परत सरकवला. त्याआधी ते अक्षर नीट पाहून घेतलं. माझ्या घरी ह्यांच्या हातचं लिहिलेलं काहीच नाही.

तुम्ही तुमच्या माणसाचं अक्षर जपून ठेवलंय का?