दुखण्याची आणेवारी

वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरांना दवाखान्यात कामाला कमी बोलणारी मुलगी हवी होती. वडिलांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई हसून म्हणाली, "मग लांब कशाला जायचं?"

मी बी.ए. होऊन घरी बसले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे इंग्रजी बरं होतं. मराठीत बोलायचं म्हणजे मी वाक्य आधी मनात जुळवत असे, तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे. हा दोष कुठे कामी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दवाखाना कॅन्सरचा होता. मला काम मिळालं ते बायकांच्या वॉर्डात, जिथे तोंडाच्या कॅन्सरवर शेक देत. रेडिएशनला तिथे सगळे शेकच म्हणत. शेकांनी गाठ जळते, पण पंधरा-वीस शेक झाले की तोंडही आतून सोलून निघतं आणि माणूस थुंकी गिळायला घाबरतो. त्यावर गुळण्या करायचं एक नवं औषध डॉक्टरांना पडताळून पाहायचं होतं. निम्म्या बायकांना ते औषध आणि निम्म्यांना नेहमीचं मीठ-सोड्याचं पाणी. बाटल्या एकसारख्या तपकिरी, चवही सारखी केलेली, वर फक्त आकडा. कुणाच्या बाटलीत काय आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ती यादी कपाटात एका बंद पाकिटात होती. बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना हे सगळं सांगून अंगठे घेतले होते.

रोज सकाळी प्रत्येकीला तेच प्रश्न विचारायचे आणि कार्डावर इंग्रजीत उत्तर लिहायचं, एवढंच माझं काम. किती दुखतंय, शून्य ते दहा. गिळता येतं का. काय खाल्लं.

"आपण काही सुचवायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "पेशंट म्हणेल तेच लिहायचं. तुम्हाला काय वाटतं ते मला नको."

कार्डाच्या तळाशी 'इतर नोंद' म्हणून दोन ओळींची जागा होती. ती मी कोरी ठेवत असे.

पहिल्या दिवशी मी 'शून्य ते दहा' म्हटलं आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला, "आगं, असं कोण इचारतंय? आण्यात इचार की. रुपयातलं किती आणं दुखतंय?"

ही शिरोळकडची अक्का. पन्नाशीची, अंगानं वाळकी, आवाजानं मोठी. चाळीस वर्षं मिश्री लावून डाव्या गालात आतून गाठ आलेली. आणे व्यवहारातून जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण वॉर्डात ते चालू होते. त्या दिवसापासून मी आण्यांत विचारू लागले. सोळा आण्यांचे दहा कसे करायचे याचा तक्ता मी वहीच्या मागच्या पानावर केला. डॉक्टरांना तो आवडला; कार्डावर आणेच लिहायचे आणि दहाचा हिशोब नंतर करायचा असं ठरलं.

"बारा आण्यांच्या वर कुणी गेलं आणि गिळता येईनासं झालं," ते म्हणाले, "तर शेक थांबवून विश्रांती द्यावी लागेल. तेव्हा कार्ड नीट भरा."

अक्काला माझं भारी कौतुक होतं आणि ते ती टोमण्यांतून दाखवी. "आली बगा कागदवाली. कागदावर लिव्हून दिलंस तरच हसतीस व्हय गं?" किंवा शेजारणीला, "हळू बोल, इंग्लिश पोरगी हाय, मोडल." मला आत कुठेतरी बरं वाटे, पण ते तोंडावर दिसू नये म्हणून मी कार्डात डोकं घालत असे.

एकदा तिनं तलाठ्याची गोष्ट सांगितली. पीक किती आणे आलं हे ठरवायला तलाठी बांधावर येतो, त्याला आणेवारी म्हणतात. पीक कमी ठरलं तर शेतसाऱ्यात सूट मिळते. "मग बारा आण्याचं पीक आसलं तर चार आणंच म्हणायचं. तलाठ्याला खरं सांगणारा मेला की," ती म्हणाली, आणि आख्खा वॉर्ड दुखऱ्या तोंडांवर हात धरून हसला. मीही हसले.

अक्काचं दुखणं रोज चार आणे असे. पहिल्या शेकाला चार, दहाव्याला चार. तिच्या बाटलीत नवं औषध असणार, असं मला मनातून वाटू लागलं होतं.

तिला तीस शेक घ्यायचे होते. एकविसाव्याच्या सुमारास ती बोलेनाशी झाली. मी खाटेशी गेले की चार बोटं वर करी. मी चार लिही. पण दिवसभर वॉर्डात बसून मला बाकी काही काम नसे, आणि बघायची मला सवय आहे. सोमवारी सकाळी तिच्या उशाशी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या मंगळवारी तेवढाच भरलेला होता. एक लहान फडकं ती सिस्टर येण्याआधी धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घाली. त्यावरचा तपकिरी डाग मात्र जात नव्हता. जेवणाची थाळी रिकामी जाई, पण ती शेजारच्या पेशंटची सून रिकामी करी.

डॉक्टर तोंडं तपासत ते सोमवारी. त्या सोमवारी अक्कानं जबडा उघडत नाही म्हणून दोन बोटांएवढंच तोंड उघडलं होतं.

बुधवारी सकाळी तिचे मालक गावाहून आले होते. बोडक्या डोक्याचा, शांत माणूस. टोपी मांडीवर घेऊन तो खाटेच्या पायथ्याशी बसला होता. मी विचारलं. चार बोटं. मी पेन टेकवलं, आणि नियम मोडून म्हणाले, "अक्का, खरंच चारच?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मालकांनी आणलेली शिदोरी ओढून सोडली. आत भाकरी होती आणि मिरचीचा हिरवा ठेचा. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात घोळला आणि तोंडात घातला. माझ्यावरची नजर तिनं हलवली नाही. जबडा हळूहळू हलत होता. डाव्या हातानं तिनं खाटेचा लोखंडी गज धरला होता आणि त्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. डोळ्यांतून पाणी गालांवर येऊन हनुवटीवरून गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. मालक खाली बघत राहिले. तिनं घास गिळला.

"न्हाय झोंबत," ती म्हणाली. आवाज घोगरा, ओला. "लिव्ह. चार."

मी चार लिहिले.

मी बाहेर व्हरांड्यात आले. मागून मालक आले. "रागावू नगा बाई," ते म्हणाले. "आमच्या गावचा एक जण हितं गळ्याला शेक घ्यायला आलता. निम्म्यात त्याला सुट्टी दिली. इसरांती घ्या म्हणाले. त्यो गेला त्यो गेलाच. तवापास्नं हिच्या डोक्यात बसलंय, सुट्टी दिली म्हंजी दवाखान्यानं हात वर केलं. पाण्याची पाळी सोडली की पुन्यांदा पाट कवा येतोय, असं म्हंती."

तेव्हा मला तलाठी आठवला. दुखणं बारा आण्यांचं असताना ती रोज चार सांगत होती. आणि तिच्याबरोबर हसलेला सगळा वॉर्ड?

साडेनऊ वाजले होते. अकराला अक्काचा शेक होता. पुरुषांच्या वॉर्डातला एकजण तीन दिवस पाणी न पिता शेकाला गेला आणि तिथेच कोसळला, हे सिस्टरकडून मी ऐकलं होतं. सांगितलं नाही तर अकरा वाजता तिला ढकलखुर्चीतून नेतील. सांगितलं तर सुट्टी, आणि सुट्टीला ती मरणच समजत होती. शिवाय मला काय वाटतं ते डॉक्टरांना नकोच होतं.

मी बाकावर बसले आणि पहिल्यांदा 'इतर नोंद'मध्ये लिहिलं. तांब्या सोमवारपासून भरलेला आहे. थाळी दुसरी बाई संपवते. फडक्यावर रक्त आहे. विश्रांतीच्या भीतीनं लपवत आहे. एरवी कार्डं संध्याकाळी टेबलावर ठेवायची असत. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या दाराशी उभी राहिले. दार उघडंच होतं, तरी आत जायला मला बराच वेळ लागला.

त्यांनी वाचलं. "हे तुमचं मत आहे?"

"नाही," मी म्हणाले. "पाहिलेलं आहे."

बॅटरी आणि चपटी पट्टी घेऊन ते वॉर्डात गेले. अक्कानं तोंड मिटून घेतलं. ते बॅटरी मांडीवर ठेवून खाटेशी बसून राहिले. शेवटी तिनं तोंड उघडलं. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं, मग सिस्टरला सलाईन आणायला सांगितलं आणि तिचा शेक खोडला.

"आठ-दहा दिवस विश्रांती. जखमा भरल्या की राहिलेले शेक. सोडून देत नाहीये मी तुम्हाला, कळलं का?"

अक्का त्यांच्याकडे बघतही नव्हती. "कागदवाले," ती मला म्हणाली, "तूच सांगितलंस न्हवं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"तलाठी बरा. त्यो निदान पानसुपारी घिऊन गप तरी बसतोय."

पुढचे दोन दिवस ती सलाईनवर होती तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी खाटेशी गेले की भिंतीकडे तोंड करी. थोडं पाणी आणि पेज गिळता येऊ लागल्यावर ती घरी जायला अडून बसली. शेक नाही तर इथं पडून काय करायचं? येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी आणायचं, असं डॉक्टरांनी मालकांना तीनदा सांगितलं. ती जाताना मी जिन्याच्या कोपऱ्यात उभी होते. तिनं वळून पाहिलं नाही.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना आणेवारीची गोष्ट सांगितली. एवढी लांब गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. ते हसले नाहीत. कपाटातून सगळी कार्डं काढून त्यांनी टेबलावर पसरली आणि बघत बसले. किती महिन्यांची मेहनत होती. "बाटली चांगली की बायका सोशिक, हे आता कसं कळणार?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी प्रत्येकीचं तोंड स्वतः बघू लागले, आणि पेज किती वाट्या गेली ते मी समोर बसून मोजू लागले. जुनी कार्डं त्यांनी वेगळी बांधून ठेवली.

"त्या परत येतील ना?" मी विचारलं.

"यायला हव्यात. मध्ये फार दिवस गेले तर आधीचे शेक वाया जातात." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पण परवा त्या अवस्थेत शेक दिला असता तर परत यायचा प्रश्नच उरला नसता."

त्यानं मला बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्याच्या अखेरीला कृष्णेला पाणी चढलं. ठरलेल्या सोमवारी खिडकीजवळची खाट रिकामी होती. शेकाच्या खोलीबाहेरचं पुकारणं मी दाराआड उभी राहून ऐकलं. तिचं नाव पुकारलं, थांबले, पुढचं पुकारलं. मंगळवारी तेच. सोडून देत नाही म्हणणारे डॉक्टर आणि चहाडी करणारी मी, तिच्या दृष्टीनं दोघं सारखेच, असं मला वाटत राहिलं. बुधवारी मी घरी न जाता एस.टी. स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीशी मनात वाक्य जुळवलं आणि विचारलं, "शिरोळची गाडी किती वाजता आहे?"

"शिरोळ?" आतला माणूस म्हणाला. "बाई, रस्ता पाण्यात हाय. गाडी जायची न्हाय आन् यायची न्हाय."

मी तिथेच बाकावर बसले. गाडी येणार नाही हे कळूनही तासभर बसले.

गुरुवारी सकाळी मी वॉर्डात शिरले तर खिडकीजवळच्या खाटेवर अक्का बसली होती. लुगडं पोटरीपर्यंत चिखलानं भरलेलं. मालक टोपी पिळत होते. पहाटेपासून आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून, मग भाजीच्या ट्रकमधून आले होते. तिचा चेहरा जरा भरला होता. माझ्याकडे तिनं पाहिलं आणि खाटेवर हात आपटला.

"बस हितं. इचार."

मी बसले. कार्ड काढलं. "किती दुखतंय, अक्का?"

"आदी तू सांग. परत सुट्टी न्हाय न्हवं देणार?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. त्यासाठी तिनं पुराचं पाणी ओलांडलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तोंड बघून डॉक्टर ठरवतील."

 मालकांनी टोपी पिळायची थांबवली.

"सा आणं," ती म्हणाली. मी लिहायला वाकले तशी तिनं माझं मनगट धरलं. "थांब. नगं लिव्हूस."

तिनं डोळे मिटले आणि जीभ गालाच्या आतून फिरवली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आठ," ती म्हणाली. "आठ लिव्ह." आणि खिडकीच्या उजेडाकडे वळून, जेवढं उघडलं तेवढं तोंड तिनं माझ्यासमोर उघडलं.

मी पाहिलं. मग आठ लिहिले.