डावा, उजवा, दोन्ही

कपाट आवरताना गेमचा जुना रिमोट सापडला. हाताच्या घामानं चिकट झालेल्या रबराचा तोच वास आला, आणि मी साताऱ्याच्या घरात जाऊन बसले.

सुट्टीला आलेला मामेभाऊ सागर मला मारामारीच्या गेममध्ये सारखा उचलून आपटत होता. त्यानं डाव्या हातानं पकडलं तर डावं बटण, उजव्यानं तर उजवं, दोन्हींनी तर दोन्ही. लगेच दाबलं की सुटका. पण मला हात दिसायचाच नाही. आई मागं शेंगा फोडत बसली होती.

"डावा," ती म्हणाली. मी दाबलं, सुटले!

"उजवा." सुटले.

"आता दोन्ही."

सागरनं रिमोटच खाली ठेवला. "आत्या, तुला कसं कळतंय गं?"

"हात काय बघायचा? आधी खांदा हलतो रं."

तेव्हा मला ती जादूच वाटली. सांगलीकडच्या तिच्या माहेरी घरामागंच कुस्तीची तालीम होती. तिथं पोरींना मज्जाव. खांदा आधी हलतो हे कळेपर्यंत आई मागच्या खिडकीशी किती वर्षं उभी राहिली असेल!